रात्रीच्या येरझारा

मराठीत आजाराला ‘दुखणे’ म्हणतात. ‘दुखणेकरी’, ‘दुखण्याला पडणे’, ‘दुखणे अंगावर काढणे’ हे सारे प्रयोग त्यातूनच आले. जे दुखते तो आजार आणि जे दुखत नाही तो आजार नव्हे, अशी समजूत आपल्या भाषेनेच आपल्याला लावून दिली आहे. बहुतेक वेळा ती खोटी ठरत नाही. परंतु काही व्याधी अशा असतात की, त्यांत धड दुखत नाही, सूज दिसत नाही, ताप चढत नाही. आणि तरीही माणसाची रात्रीमागून रात्र हिरावली जाते. अशा व्याधीची दखल घरात लवकर घेतली जात नाही, कारण तिला काय म्हणावे हेच कोणाला सुचत नाही. वृद्ध माणसांच्या पायांत रात्री उठणारी बेचैनी ही त्यांपैकी एक होय.

आमच्या माळव्याच्या रात्रीची ख्याती मोठी. बनारसची सकाळ, अवधची संध्याकाळ आणि माळव्याची रात्र, अशी जुनी वाखाणणी आहे. ‘शब-ए-मालवा’ हे शब्द येथील जुन्या घरांत सर्वांच्या कानांवरून गेलेले असतात. परंतु याच शीतल रात्री एखाद्या घरात एखादी वृद्धा माजघरातून ओसरीत आणि ओसरीतून माजघरात एकटीच येरझारा घालीत असते. दिवसभर तिची काही तक्रार नसते. दिवेलागण झाली, जेवणे आटोपली आणि अंथरुणाला पाठ टेकली, की पोटऱ्यांच्या आत, अगदी हाडाजवळ, काही तरी वळवळू लागते. पाय जवळ घ्यावा, लांब करावा, पुन्हा जवळ घ्यावा. पण चैन पडत नाही. उठून चार पावले चालले की सारे शांत. पुन्हा निजले की पुन्हा तेच. असे करता करता पहाटेचे तीन-चार वाजतात, आणि मग कोठे डोळा लागतो.

या व्याधीला इंग्रजीत ‘रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम’ म्हणतात. आपण तिला ‘अस्वस्थ पाय’ म्हणू. तिचे वैशिष्ट्य असे की, तिचे निदान क्ष-किरणांत दिसत नाही आणि रक्ताच्या तपासणीतही होत नाही. ते रुग्णाच्या तोंडून होते. रुग्ण जे सांगतो आणि ऐकणारा जे विचारतो, त्यावरच सर्व भिस्त असते. म्हणूनच एका भाषेच्या शिक्षकाला या विषयावर लिहिण्याचे धाडस करावेसे वाटले.

रुग्ण काय सांगतो? वृद्ध स्त्रिया सहसा म्हणतात, ‘पाय ओढतात’, ‘पायांना रग लागते’, ‘पाय तुटल्यासारखे होतात’, ‘पोटऱ्यांत मुंग्या फिरतात’. यांतील प्रत्येक शब्द निराळ्या वाटेने नेणारा आहे. ‘ओढतात’ म्हटले की वाताचे तेल येते, ‘मुंग्या’ म्हटले की जीवनसत्त्वाच्या गोळ्या येतात, ‘तुटतात’ म्हटले की ‘वयच झाले’ असे म्हणून विषय संपतो. वास्तविक या विकाराला तंतोतंत लागू पडणारा शब्द मराठीत आहे, आणि तो आपण हातांसाठी रोज वापरतो. काही करण्यावाचून राहवत नाही तेव्हा आपण ‘हात शिवशिवतात’ असे म्हणतो. त्याच अर्थाने येथे पाय शिवशिवतात. वेदना दुय्यम, हलण्याची अनावर ओढ हेच मुख्य लक्षण.

वैद्यकाने या विकाराच्या खुणा निश्चित केल्या आहेत. पाय हलवण्याची दाबून न दबणारी ओढ, ही पहिली. बसल्यावर अथवा निजल्यावर ती सुरू होणे वा वाढणे, ही दुसरी. चालल्याने किंवा पाय ताणल्याने, निदान हालचाल चालू असेपर्यंत तरी, ती उतरणे, ही तिसरी. दिवसापेक्षा संध्याकाळी व रात्री ती बळावणे, ही चौथी. आणि हे सारे दुसऱ्या एखाद्या सरळ कारणाने होत नाही याची खात्री, ही पाचवी. अनेकांचे पाय झोपेतही ठराविक अंतराने, बहुधा दर २० ते ४० सेकंदांनी, झटका देतात. रुग्णाला त्याचा पत्ता नसतो, शेजारी निजणाऱ्याला मात्र असतो.

या खुणा ध्यानात ठेवल्या म्हणजे इतर दुखण्यांपासून हा विकार वेगळा ओळखता येतो. पेटका किंवा वांब आला तर पोटरीचा गोळा कठीण होतो, हाताला लागतो आणि जीव जाईल अशी कळ येते. येथे तसे होत नाही. गुडघ्याचा संधिवात चालल्याने वाढतो. येथे चालल्याने आराम पडतो. पायांच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या असतील तर चालताना पोटऱ्या भरून येतात आणि थांबल्यावर बरे वाटते. येथे नेमके त्याच्या उलट. मधुमेहाने नसा दुबळ्या झाल्या म्हणजे तळपायांची आग होते, बधिरपणा येतो, परंतु फेऱ्या घातल्याने तो जात नाही. अर्थात एकाच वृद्ध देहात यांतील दोन-तीन गोष्टी एकत्र नांदू शकतात. म्हणून ‘पाय दुखतात का?’ या एका प्रश्नावर भागत नाही. केव्हा, कशाने वाढते, कशाने थांबते, हे तीन प्रश्न त्याला जोडावे लागतात.

ही व्याधी नवी आहे असे मात्र कोणी समजू नये. मेंदूच्या तळाशी असलेल्या धमन्यांच्या वर्तुळाला ज्यांचे नाव दिले गेले, त्या टॉमस विलिस या इंग्रज वैद्याने १६७२ मध्ये आपल्या लॅटिन ग्रंथात अशा रुग्णांचे वर्णन करून ठेवले आहे. त्यानंतर जवळजवळ पावणेतीनशे वर्षांनी, १९४५ मध्ये, कार्ल-अ‍ॅक्सेल एकबॉम या स्वीडिश मेंदूविकारतज्ज्ञाने अनेक रुग्ण तपासून या विकाराचे सविस्तर विवेचन केले आणि त्याला आजचे नाव दिले. दोघांच्या स्मरणार्थ त्याला ‘विलिस-एकबॉम रोग’ असेही म्हणतात. शरीरातील लोहाच्या कमतरतेशी या विकाराचा संबंध असल्याचे एकबॉम यांच्याही लक्षात आले होते. पुढे १९५०च्या दशकात नॉर्डलँडर या त्यांच्या देशबांधवाने रुग्णांना शिरेवाटे लोह देऊन गुण येतो असे दाखवले. म्हणजे उपायाची किल्ली सत्तर वर्षांपूर्वीच सापडली होती. परंतु ज्या घरात रोगाला नावच नाही, त्या घरापर्यंत ती पोहोचावी कशी?

आपल्या घरांत या विकाराला नाव नाही, पण नावे ठेवणारे पुष्कळ. बसल्या बसल्या पाय हलवणाऱ्याच्या घरात लक्ष्मी टिकत नाही, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. म्हणून सभ्य माणूस चारचौघांत पाय दाबून बसतो, आणि ते असह्य झाले की काही तरी निमित्त काढून उठतो. कोणी म्हणतो, हिच्या पायाला भिंगरी आहे. कोणी म्हणतो, म्हातारपणी मन थाऱ्यावर राहत नाही. ऐकणारे वृद्ध माणूस वाद घालीत नाही. ते हळूहळू एकेका ठिकाणी जाणे सोडून देते. आधी नाटक सुटते, मग रात्रीचा रेल्वेप्रवास, मग लग्नाच्या पंगती. माणसे तुटतात ती अशी, आवाज न करता.

माझ्या आईच्या बाबतीत प्रथम कीर्तन सुटले. तिला तेव्हा ७६ वे वर्ष चालू होते. देवळात पुढे बसणारी बाई मागे, दाराजवळ बसू लागली. नंतर निरूपण अर्ध्यावर टाकून घरी येऊ लागली, आणि एका चातुर्मासात तिने जाणेच थांबवले. ‘बसवत नाही रे’ एवढेच ती सांगे. सूनबाई रात्री तेल लावून पाय चेपीत, जुन्या लुगड्याच्या पट्ट्या पोटऱ्यांना घट्ट बांधून देत. चेपणे चालू असेपर्यंत बरे वाटे. हात थांबला की पुन्हा तेच. दोन ठिकाणी दाखवून झाले. एका ठिकाणी गुडघ्याचे चित्र काढून गोळ्या मिळाल्या, दुसरीकडे झोपेच्या. झोपेच्या गोळीने झोप तर आली नाहीच, उलट रात्री उठून चालताना तिचा तोल जाऊ लागला.

तिसऱ्या वेळी ज्या तरुण डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी चित्रे बाजूला ठेवली आणि विचारले, ‘आजी, पाय दुखतात का?’

‘दुखत नाहीत हो. नुसते निजू देत नाहीत.’

‘आणि उठून चाललात की?’

‘चालले की काही नाही. म्हणून तर रात्रभर चालते. चाळिशीपासून थोडे थोडे होतेच. आता फारच झाले.’

पाच मिनिटांच्या या संवादाने निदान झाले. त्यानंतर रक्त तपासले गेले, ते निदानासाठी नव्हे, तर कारण शोधण्यासाठी. हिमोग्लोबिन १२.१ निघाले, म्हणजे स्त्रियांच्या सर्वसाधारण मर्यादेत. परंतु ‘फेरिटिन’ नावाची आणखी एक तपासणी डॉक्टरांनी मुद्दाम करवली होती. ते भरले अवघे १३.

या दोन आकड्यांमधील फरक समजून घेण्यासारखा आहे. हिमोग्लोबिन म्हणजे आजच्या पानात वाढलेली भाकरी. फेरिटिन म्हणजे कणगीत उरलेले धान्य. पानात भाकरी आहे, एवढ्यावरून कणगी भरलेली आहे असे म्हणता येत नाही. शरीर आधी कणगी रिकामी करते आणि मगच पानातली भाकरी कमी करते. मेंदूला ‘डोपामिन’ नावाचे रसायन तयार करण्यासाठी लोह लागते, आणि हे रसायन हालचालींच्या नियमनात महत्त्वाचे आहे. अस्वस्थ पायांच्या रुग्णांच्या मेंदूतील काही भागांत लोह कमी असल्याचे आढळले आहे. कित्येकदा रक्तात ते पुरेसे असूनही मेंदूत कमी असते. शिवाय रक्तातील लोहाची पातळी दिवसभरात रात्रीच्या सुमारास खालावते, आणि विकार बळावण्याची वेळही तीच.

येथे एक गोष्ट वाचकांनी लिहून ठेवावी. प्रयोगशाळेच्या कागदावर फेरिटिनची जी किमान मर्यादा छापलेली असते, ती सर्वसामान्य माणसासाठी असते. अस्वस्थ पायांच्या रुग्णासाठी मर्यादा निराळी आहे. ‘अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिन’ या संस्थेने २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनानुसार, प्रौढ रुग्णाचे फेरिटिन दर मिलिलिटरमागे ७५ नॅनोग्रॅम किंवा त्याहून कमी असेल, अथवा ‘ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन’ २० टक्क्यांहून कमी असेल, तर तोंडावाटे किंवा शिरेवाटे लोह देण्याचा विचार करावा. ७५ ते १०० च्या दरम्यान असेल तर शिरेवाटे. म्हणजे एखाद्याचे फेरिटिन ३० आले आणि कागदावर ‘योग्य’ असा शेरा पडला, तरी या रुग्णाच्या दृष्टीने ते अपुरे आहे. रक्त सकाळी द्यावे आणि त्याआधी २४ तास लोहाची गोळी घेऊ नये. अंगात जंतुसंसर्ग वा दाह असेल तर फेरिटिन फसवे वाढते. म्हणून दोन्ही तपासण्या एकत्र पाहाव्या लागतात.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. लोह कमी आहे एवढे कळून थांबू नये. ते गेले कोठे, हे विचारावे. तरुण स्त्रीच्या बाबतीत उत्तर बहुधा मासिक पाळीत किंवा बाळंतपणात सापडते. परंतु ज्या स्त्रीची पाळी थांबून पंचवीस वर्षे झाली, तिच्या अंगातले लोह घटते तेव्हा पोटात कोठे तरी रक्त झिरपत नाही ना, हे पाहणे अत्यावश्यक असते. जठरातील व्रण, मूळव्याध, आणि क्वचित आतड्याचा कर्करोगही या वाटेने प्रथम उघडकीस येतो. आईच्या बाबतीत दुर्बीण घालून पाहिले तेव्हा जठरात व्रण आढळला. गुडघ्यासाठी मिळालेल्या वेदनाशामक गोळ्या ती जुन्याच चिठ्ठीवर औषधाच्या दुकानातून महिनोन् महिने आणवीत होती. जो त्रास पायांत वाटत होता, त्याचा एक धागा असा पोटातून निघाला. गोळ्या बंद झाल्या, व्रणावर उपचार झाले. आम्ल कमी करणारी औषधे चालू असताना तोंडाने दिलेले लोह नीट शोषले जात नाही. म्हणून डॉक्टरांनी ते रुग्णालयात शिरेवाटे दिले. गुण यायला सुमारे दीड महिना लागला. त्रास समूळ गेला असे मी म्हणणार नाही. आठवड्यातून एखादी रात्र अजून जागवते. परंतु उरलेल्या सहा रात्री ती निजते, आणि ज्याने ही येरझार ऐकली आहे, त्यालाच त्या सहा रात्रींचे मोल कळेल.

लोहाच्या बाबतीत स्वयंपाकघराने करण्यासारखे पुष्कळ आहे. शाकाहारी अन्नातील लोह शरीराला जड जाते. ते शोषले जावे म्हणून त्याला सोबत चांगली द्यावी लागते. लिंबू, आवळा, पेरू यांतील ‘क’ जीवनसत्त्व ही चांगली सोबत; जेवणावरचा चहा ही वाईट. आमच्याकडे पोह्यांबरोबर चहा आणि जेवणानंतर पुन्हा चहा ही रीत पक्की आहे. ती मोडायची नसेल तर निदान तास-दीड तासाचे अंतर ठेवावे. कडधान्यांना मोड आणल्याने लोहाला अडकवून ठेवणारी द्रव्ये कमी होतात. म्हणजे आजीच्या उसळीमागे शहाणपण होते. अहळीव, तीळ, बाजरी, पालेभाज्या यांचा उपयोग आहेच. परंतु कणगी रिकामी झाल्यावर ती केवळ आहाराने लवकर भरत नाही. औषध घ्यावेच लागते. लोहाची गोळी दुधाबरोबर, कॅल्शियमच्या किंवा आम्लपित्ताच्या गोळीबरोबर घेऊ नये. थायरॉइडच्या गोळीपासून चार तास दूर ठेवावी. तिने शौचाला काळे होते आणि बद्धकोष्ठ होतो, हे आधी सांगितले म्हणजे वृद्ध माणूस घाबरत नाही. मात्र लोह चालू नसताना शौच डांबरासारखे काळे झाले तर तो रक्तस्रावाचा इशारा समजून त्वरित डॉक्टर गाठावा. आणि तपासणीवाचून लोहाच्या बाटल्या कोणीही रिचवू नयेत. काही रक्तदोषांत शरीरात लोह आधीच साठलेले असते. तेथे ते अपाय करते.

लोह पाहून झाले म्हणजे घरातला औषधांचा डबा उपडा करावा. अस्वस्थ पायांना चेतवणारी कित्येक औषधे त्यात निरुपद्रवी चेहऱ्याने पडलेली असतात. सर्दी-पडसे व खाज यांवरील, गुंगी आणणाऱ्या गोळ्या, म्हणजे क्लोरफेनिरामिन, डायफेनहायड्रामिन यांसारखी औषधे, हा त्रास वाढवतात. आणि गंमत अशी की, झोप यावी म्हणून हीच गोळी अनेक घरांत दिली जाते. मळमळीवरील मेटोक्लोप्रमाइड आणि प्रोक्लोरपेराझिन हीही त्यातलीच. नैराश्यावरील बऱ्याच औषधांनीही तसे होते. परंतु ती आपल्या मनाने बंद करणे धोक्याचे आहे. डॉक्टरांना सांगावे म्हणजे ते पर्याय शोधतात. संध्याकाळनंतरचा चहा-कॉफी, तंबाखू, मशेरी आणि मद्य यांचाही हिशेब घ्यावा. मूत्रपिंडाचा विकार, मधुमेह आणि ‘ब-१२’ जीवनसत्त्वाची उणीव यांची चौकशी वृद्धांच्या बाबतीत केलेली बरी. गर्भारपणातही, विशेषतः शेवटच्या महिन्यांत, हा त्रास उद्भवतो आणि बाळंतपणानंतर बहुधा ओसरतो. सासूबाईंच्या आणि सूनबाईंच्या येरझारा एकाच घरात एकाच वेळी चालू असणे अशक्य नाही.

आता घरगुती उपाय. काशाच्या वाटीने तूप लावून तळपाय घासणे, निजण्यापूर्वी पोटऱ्यांवर कोमट पाण्याची धार सोडणे, पोटऱ्या ताणण्याचा सौम्य व्यायाम, मऊ पण घट्ट पट्टी, यांनी अनेकांना त्या वेळेपुरता आराम पडतो. पायांकडून मेंदूकडे जाणारी दुसरी संवेदना पहिलीला मागे सारते, असे म्हणता येईल. मूळ यांनी जात नाही, परंतु झोप लागण्यापुरती अर्ध्या तासाची सवड मिळाली तरी ती थोडी नव्हे. पट्टी इतकी आवळू नये की पाय बधिर होतील. आणि मधुमेही पायांना गरम पाणी देण्यापूर्वी ते दुसऱ्याने हाताने पाहावे, कारण त्यांना चटका कळत नाही. दररोज थोडे चालणे हितकर आहे. मात्र रात्री उशिरा दमवणारा व्यायाम नको.

एका उपायाकडे आपले विशेष लक्ष जात नाही. मन आणि हात एखाद्या कामात गुंतले की पायांची शिवशिव मागे पडते. नुसते बसून दूरदर्शन पाहण्याने ते साधत नाही. काही तरी करावे लागते. माझी आई संध्याकाळी वाती वळते. एका बैठकीत शंभर वाती होतात आणि पाय निमूट असतात. कोणाला मटार सोलणे चालेल, कोणाला पत्ते, कोणाला शब्दकोडे. वृद्ध माणसाला ‘तुम्ही आता स्वस्थ बसा’ असे सांगण्यात आपण प्रेम मानतो. अस्वस्थ पायांच्या माणसाला मात्र स्वस्थ बसवणे हीच शिक्षा असते. त्याचप्रमाणे बसून करण्याची कामे, म्हणजे बँकेत जाणे, पोथी वाचणे, पाहुण्यांकडे जाणे, ही सकाळी ठेवावीत. प्रवासात किंवा नाट्यगृहात कडेची जागा घ्यावी. पहाटे लागलेली झोप सकाळी सहाच्या चहासाठी मोडू नये. घरातल्या सर्वांनी लवकर उठावे हा नियम चांगला असला, तरी ज्याची रात्र पहाटे चारला सुरू झाली त्याला तो लावू नये. आणि येरझारा घालायच्याच असतील, तर त्या वाटेवर मंद दिवा असावा, सतरंजीची घडी वा ओले पायपुसणे नसावे. या विकाराने कोणी मरत नाही. परंतु अंधारात पडून खुब्याचे हाड मोडले तर पुढचे सारे आयुष्य बदलते.

एवढे करूनही ज्यांच्या रात्री उजाड राहतात, त्यांच्यासाठी औषधे आहेत, आणि त्यांचा इतिहास सावध करणारा आहे. १९८२ मध्ये तुर्कस्तानातील अकपिनार या डॉक्टरांनी कंपवातावरील लेवोडोपा हे औषध या विकारावर उपयोगी पडते असे प्रसिद्ध केले. पुढे त्याच धाटणीची रोपिनिरोल आणि प्रामिपेक्सोल ही औषधे आली. अमेरिकेत त्यांना या विकारासाठी अनुक्रमे २००५ आणि २००६ मध्ये मान्यता मिळाली. ती पहिल्या काही रात्रींतच जादूसारखी लागू पडतात. परंतु काही महिन्यांनी वा वर्षांनी अनेक रुग्णांत उलटा प्रकार सुरू होतो. जो त्रास रात्री दहाला येई तो दुपारी चारला येऊ लागतो, पायांतून हातांत चढतो, आणि मात्रा वाढवावी तसा तोही वाढतो. काही रुग्णांना जुगाराचा, खरेदीचा अनावर नाद लागल्याचीही नोंद आहे. म्हणून २०२५ च्या त्या मार्गदर्शनात ही औषधे नेहमीचा उपचार म्हणून वापरू नयेत असे सुचवले आहे, आणि गॅबापेन्टिन, प्रीगॅबालिन या गटाला पसंती दिली आहे. या गटालाही आपले पथ्य आहे. वृद्धांत त्याने चक्कर येते, तोल जातो. मूत्रपिंड दुबळे असेल तर मात्रा कमी करावी लागते. आपले आई-वडील जुन्या गटातील औषध घेत असतील, तर हे वाचून ते एकदम थांबवू नये. अचानक बंद केल्याने त्रास उसळून येतो. डॉक्टरांना फक्त इतके विचारावे, ‘त्रास पूर्वीपेक्षा लवकर सुरू होतो आहे, हे औषधामुळे तर नव्हे?’

डॉक्टरांकडे जाताना एक साधी वही न्यावी. पंधरा दिवस रोज चार गोष्टी टिपाव्यात: त्रास किती वाजता सुरू झाला, किती वेळा उठावे लागले, झोप केव्हा लागली, त्या दिवशी कोणती औषधे पोटात गेली. वृद्ध माणसे डॉक्टरांसमोर बसली की ‘बरे आहे’ म्हणतात. वही तसे म्हणत नाही. आणि शक्य तर वही मुलाने किंवा सुनेने मनाने न भरता, आईने सांगितलेले तिच्याच शब्दांत लिहावे. शब्द ओबडधोबड असले तरी चालतील. निदान त्यांतूनच होते.

शेवटची सूचना आई-वडिलांसाठी नसून आपणासाठी आहे. हा विकार पुष्कळदा घराण्यात चालत येतो. २००७ मध्ये त्याच्याशी निगडित असलेल्या काही जनुकांचा शोधही लागला. तरुणपणी सुरू होणारा प्रकार तर विशेषेकरून आनुवंशिक असतो, आणि स्त्रियांत तो पुरुषांच्या सुमारे दुप्पट आढळतो. तेव्हा आईच्या रात्रींची चौकशी करताना बहिणीला, मावशीला आणि मुलीलाही तेच तीन प्रश्न विचारावेत: केव्हा होते, कशाने वाढते, कशाने थांबते? कदाचित उत्तर येईल, ‘हे तर मला नेहमीच होते, सर्वांनाच होत असेल असे वाटले.’ तसे उत्तर आले, तर फेरिटिनची तपासणी त्याच आठवड्यात करून घ्यावी.